मिरचीआधीचा ठसका

मखमलाबादच्या गोरक्षने एखाद्या गोष्टीला 'वा!' म्हटलं की ती गोष्ट गेलीच म्हणून समजायचं. शेजारच्या काळूच्या फ्लॉवरकडे पाहून तो एकदा बांधावरून सहज म्हणाला, "काय गड्डे धरलेत रे!" संध्याकाळपर्यंत ते गड्डे आवळ्याएवढे झाले आणि काळूने ते आवळे म्हणूनच विकले. बायडाबाईची म्हैस त्याने नुसती डोळे भरून पाहिली, तर दुसऱ्या दिवसापासून ती थेट ताक द्यायला लागली. विरजणाचा आणि घुसळण्याचा खटाटोप वाचला म्हणून बायडाबाईने तक्रार केली नाही, एवढंच. यातलं किती खरं नि किती पारावरचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण गोरक्ष बाजारात शिरला की बायका कोथिंबिरीच्या जुड्या पदराखाली घेत, हे मात्र सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

खुद्द गोरक्षचा यावर विश्वास नव्हता. तो बायकोला म्हणायचा, "नजरबिजर सब झूठ आहे. मला फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही."

"अहो, तेच तर!" उज्वला म्हणायची.

आणि हा दुसरा म्हणजे जगातला कोणीही दुसरा नव्हे. तो एकच होता. त्याचा साडू योगेश.

उज्वला आणि शुभांगी या पिंपळगाव बसवंतच्या बहिरूनानांच्या दोन लेकी. थोरली मखमलाबादेत गोरक्षला दिली, धाकटी ओझरला योगेशला. योगेश विमानाच्या कारखान्यात कामाला, हसतमुख, बोलका, आणि गोरक्षच्या मते जरा जास्तच दात असलेला. त्याचं काही दुखलं-खुपलं तरी तो हसायचा. अशा माणसाचा हेवा करायलाही त्रास पडतो, कारण त्याला तो कळतच नाही.

हेव्याचं मूळ होतं मैना. मैना म्हणजे बाई नव्हे. छप्पन सालची हिरवी विलायती मोटार. एक पारशी कंत्राटदार नाशिक सोडून जाताना ती नानांच्या दारात ठेवून गेला होता. तिचा भोंगा मैनेसारखा शीळ घालायचा म्हणून हे नाव. गोरक्षच्या लग्नात नाना हौसेने म्हणाले होते, "जावईबापू, आमची मैना घेऊन जा." तेव्हा ती गोठ्यामागे उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. गोरक्ष खो-खो हसला. म्हणाला, "या खुराड्याचं मी काय करू? त्यापेक्षा विहिरीवरचं इंजिन द्या." नानांनी इंजिन दिलं. इंजिनाने इमानेइतबारे पाणी उपसलं आणि यथावकाश भंगारात गेलं.

पुढे योगेशचं लग्न झालं. तो मैनेभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नाना, मला काही नको. ही द्या. कोंबड्यांसकट दिलीत तरी चालेल." नानांचे डोळे भरून आले. कोंबड्यांचेही आले असतील, कारण त्यांना घर सोडावं लागलं. सुटीच्या दिवशी खरवडून, घासून, रंग देऊन योगेशने ती मोटार अशी काही केली की तिच्या टपात बघून लोक भांग पाडत. आणि नाशिकच्या जुन्या गाड्यांच्या शौकीन मंडळींनी, म्हणजे डॉक्टर, वकील, कारखानदार अशा बड्या लोकांनी त्याला आपल्यात घेतलं.

गोरक्षनेही मग हट्टाने नवी कोरी गाडी घेतली. पांढरीशुभ्र, एसीची, वर काळ्या काचा. पहिल्याच दिवशी तो ती सासऱ्यांच्या दारात घेऊन गेला. "नाना, बसा. एक चक्कर मारू."

"नगं. पोटात मळमळतं," नाना म्हणाले.

दिवाळीत म्हणाले, कंबर धरलीये. आखाजीला म्हणाले, ऊन लय हाय. थंड गाडीत बसायला ऊन आडवं येतं, हे गोरक्षने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. थोरला जावई असून सासरा आपल्या शेजारी एकदाही बसत नाही, हे शल्य त्याच्या छातीत करवंदीच्या काट्यासारखं मोडून राहिलं होतं.

दोन हजार एक साली अधिक आश्विन आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, अन् धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची चैन. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात जावई साक्षात नारायण असतो. त्याला पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालून, कपडे करून, ओवाळायचं असतं. त्याच महिन्यात जुन्या गाड्यांच्या मंडळींनी शनिवार-रविवारची सफर काढली. योगेशने डोकं चालवलं : सफरीचं दुपारचं जेवण सासुरवाडीलाच ठेवायचं. जावयांचे धोंडेही होतील, पाहुण्यांचा पाहुणचारही होईल. तिथून संध्याकाळी विंचूरला मुक्काम.

शुभांगीने फोनवर बहिणीला सांगितलं, "ताई, नाना म्हणालेत, जेवण झालं की ते मैनेत बसून विंचूरला येणार. नवा फेटा आणलाय."

उज्वलाने हे नवऱ्याला सांगितलं आणि सांगितल्याबरोबर जीभ चावली. गोरक्ष तेव्हा चहा पीत होता. चहा तिथल्या तिथे नासला, असं म्हणतात.

शनिवारी सकाळी गंगापूर रोडला डॉक्टर खांबेट्यांच्या अंगणात सगळे जमले. झाडाखाली मिसळीची पातेली आणि आजूबाजूला गाड्याच गाड्या. काळ्या, लाल, पिवळ्या, एखाद्या लग्नातल्या वरमाया उभ्या असाव्यात तशा ठसक्यात. डॉक्टरांनी स्वतःच्या टोपी नसलेल्या लाल गाडीसाठी डोक्यावर टोपी घातली होती. जो तो दुसऱ्याच्या गाडीभोवती फिरून 'छान, छान' म्हणत होता आणि परत आपल्या गाडीजवळ येऊन सुस्कारा सोडत होता. गोरक्षला वाटलं, चला, इथं सगळे आपलेच भाऊबंद दिसतात.

पण गर्दी होती ती मैनेपाशीच. योगेश तिच्या बॉनेटवर हात ठेवून सांगत होता, "अहो, हिच्या सीटखाली मला एक उबलेलं अंडं मिळालं होतं!" बायका मिसळीचा ठसका लागेस्तोवर हसत होत्या.

डॉक्टर गोरक्षकडे आले. "तुम्ही योगेशचे साडू ना? फार बरं झालं आलात. तुमची गाडी नवी आहे, भरवशाची. ती सगळ्यात मागे असू द्या. थोडं सामान तेवढं तुमच्यात टाकतो."

थोडं सामान म्हणजे सगळ्यांच्या स्टेपन्या, पाण्याचे कॅन, स्टोव्ह, दोन सतरंज्या आणि डॉक्टरांच्या सासूबाईंची आरामखुर्ची. इतकं भरल्यावर उज्वलाला बसायला जागा उरली नाही. ती म्हणाली, "मी शुभीबरोबर बसते हो," आणि टुणकन मैनेत जाऊन बसली. जाता जाता नवऱ्याच्या कानात पुटपुटली, "आणि तोंड बंद ठेवा. काही वा-बिवा म्हणू नका."

मुंबई-आग्रा रोडला वरात लागली. रस्त्याच्या कडेचे लोक थांबून बघत होते, टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते, शाळेची मुलं हात हलवत होती. गोरक्षची गाडी आली की वर झालेले हात डोकं खाजवायला खाली जायचे. काचेआड बसून तो एकटाच रबराच्या वासात बुडालेला, आणि पुढून मैनेची शीळ.

ओझरला तर कहरच झाला. कारखान्यातल्या योगेशच्या दोस्तांनी गाड्या अडवल्या, मैनेला झेंडूची माळ घातली, पेढे वाटले. मैनेच्या टपावर माळ, आरशाला माळ, योगेशच्या गळ्यात माळ. एक माळ उरली होती ती एक जण घेऊन गोरक्षकडे आला. गोरक्षने मान थोडी पुढे केली.

"साडूभाऊ, ही सुकलीय," तो म्हणाला. "अन् हे पेढ्याचे रिकामे बॉक्स. तुमच्या गाडीत कचरा टाकायला पिशवी असेल ना?"

गोरक्षने बॉक्स घेतले. आणि त्या क्षणाला आयुष्यभर ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता, तिच्यावर त्याने विश्वास ठेवायचं ठरवलं. गावाने आपल्याला फुकट बदनाम केलंय, तर निदान एकदा तरी त्या बदनामीचं काम करून बघू. मैना बंद पडली तर नाना जातील कशात? आपल्याच गाडीत!

तो मैनेपाशी गेला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "वा! योगेशराव, वा! काय गाडी आहे!"

मैनेत बसलेल्या उज्वलाने कपाळावर हात मारला.

"काय रंग! काय ते दिवे! आणि काय ती चाल! अशी गाडी पंचक्रोशीत नाही!"

योगेश खुलला. त्याने साडूला मिठीच मारली. "दादा, तुमच्या तोंडून हे ऐकायला किती वर्षं थांबलो होतो!"

झालं भलतंच. मैना ओझरहून सुटली ती जणू तिने तूप-साखर खाल्ली. चढावर तिने डॉक्टरांच्या लाल गाडीला मागे टाकलं. पुढच्या थांब्यावर गोरक्षने तिच्या टायरांची तारीफ केली, मग भोंग्याची, मग सीटच्या शिवणीची. प्रत्येक तारिफेनंतर ती जास्तच झोकात निघे. सगळ्या मंडळींत मात्र बोलबाला झाला की साडू असावा तर असा. स्वतः सामान वाहतो आणि दुसऱ्याचं कौतुक करून थकत नाही. डॉक्टरांच्या सासूबाई तर म्हणाल्या, "गुणी आहे हो." गोरक्षला ते मैनेच्या माळेपेक्षाही झोंबलं.

पिंपळगावला नानांच्या मळ्यात मांडव घातला होता. कुसाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बाहेर तीन दगडांची चूल मांडून पुरणाचं मोठं पातेलं चढवलं होतं. दोन पाट, दोन ताटं, भोवती रांगोळी. नाना नव्या धोतरात, राणी रंगाच्या फेट्यात. शेमला पाठीवर मोराच्या पिसाऱ्यासारखा.

मान थोरल्याचा होता, म्हणून आधी गोरक्षला ओवाळलं. पण नेमके त्या वेळी सगळे फोटो काढणारे मैनेपाशी होते. योगेशला ओवाळायची पाळी आली तेव्हा ते धावत आले. दोघांना सारखेच शर्ट, सारखेच अनारसे मिळाले. तरी गोरक्षने तिरक्या डोळ्याने पाहिलं : योगेशच्या अनारशांवर खसखस जास्त होती.

"जावईबापू, अजून एक धोंडा," सासूबाई म्हणाल्या.

"नको. भरलं पोट," गोरक्ष म्हणाला, आणि ते खरं होतं, फक्त पुरणाने भरलं नव्हतं.

जेवणं झाली. पाहुणे पानं चघळत मैनेत बसून बघत होते, भोंगा वाजवून बघत होते. वकील वाजवायचे, त्यांची बायको वाजवायची, मग डॉक्टर 'कसा वाजतो बघू' म्हणून पुन्हा वाजवायचे. मळ्यातल्या खऱ्या मैना त्या शिळेला उत्तर देऊन देऊन घसा बसलेल्या.

मग नाना काठी टेकत आले. नातवाच्या मुंजीला निघाल्यासारखा चेहरा. योगेशने दार उघडलं, त्यांना बसवलं, आणि किल्ली फिरवली.

घर्र. घर्र. खट्.

पुन्हा फिरवली. खट्.

गोरक्षच्या छातीत ढोल-ताशे सुरू झाले. अरेच्चा! लागली की! चेहरा शक्य तितका पाडून तो धावतच गेला, स्वतःच्या स्टेपनीसकट सगळ्या स्टेपन्या आणि आरामखुर्ची मांडवात उतरवली, पुढची सीट पुसली, एसी लावला आणि गाडी आणून बरोबर नानांपाशी उभी केली.

"अरेरे, वाईट झालं," तो म्हणाला. "पण नाना, तुम्ही का खोळंबता? या. आतमध्ये माथेरान केलंय."

नानांनी मैनेकडे पाहिलं, गोरक्षकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की फेटासुद्धा फिका दिसायला लागला. सुस्कारा टाकून ते उतरले. एक पाय त्यांनी पांढऱ्या गाडीच्या पायरीवर ठेवला.

"थांबा!" कुसाबाईंचा आवाज आला. "आता सकाळपासून झाडून सगळ्यांनी तिला बघितलंय. दृष्ट काढते आधी."

नानांनी पाय खाली घेतला.

सासूबाईंनी मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेतल्या. माणूस असता तर जागेवरून ओवाळता आलं असतं. मैना पडली ऐसपैस, म्हणून त्या तिच्याभोवती फेऱ्या घालू लागल्या. "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, पाहुण्याची, रावळ्याची, ज्या कुणाची लागली असंल..."

नाशिकची बडी मंडळी पदर आणि टोप्या सावरून कौतुकाने बघत उभी राहिली.

गोरक्षला मात्र घाम फुटला. मिरच्या विस्तवात टाकल्यावर सगळ्यांना ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. पण मिरच्या जळूनही कुणी खोकलं नाही, तर दृष्ट जबर, हे मराठी मुलखात पाळण्यातलं पोरही जाणतं. आणि जबर दृष्ट म्हटल्यावर सगळ्यांच्या माना कुणाकडे वळणार? फ्लॉवरची आणि म्हशीची गोष्ट पिंपळगावच्या बाजारात केव्हाच पोचली होती. सकाळपासून 'वा, वा' करत कोण हिंडत होतं, तेही सगळ्यांनी ऐकलं होतं. नाही, नाही. ठसका लागलाच पाहिजे. कुणाला लागला नाही तर आपण लावून घ्यायचा, की पाठोपाठ चार जण खोकतील. खोकला जांभईसारखा असतो.

सासूबाई चुलीपाशी पोचल्या. मूठ विस्तवावर धरली. गोरक्षने डोळे गच्च मिटले आणि सुरुवात केली.

"ख्यॅक्! ख्यॅक्! अगं आई गं! ख्यॅक्! काय खाट सुटली! डोळ्यांतून पाणी आलं माझ्या! म्हणजे दृष्टबिष्ट काही नाही बरं का! ख्यॅक्! नुसती गाडी बंद पडलीय, बाकी काही नाही!"

त्याने वाकून, छाती धरून, रुमाल तोंडाला लावून असा काही खोकला काढला की झाडावरचे पोपट उडाले. पाठोपाठ कोणी खोकलं नाही. जरा वेळाने त्याने एक डोळा उघडला.

सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. चुलीवर हात धरून उभ्या असलेल्या कुसाबाईंचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्या दुसऱ्या हाताने तो खोचत होत्या. त्यांनी हळूच मूठ उघडून दाखवली.

मिरच्या मुठीतच होत्या.

"गोरक्षराव," नाना शांतपणे म्हणाले, "मिरच्या अजून हिच्याच हातात हायेत."

"दाजी," शुभांगी म्हणाली, "तुम्हाला तर मिरचीआधीच ठसका लागला!"

हसण्याची अशी लाट उठली की मांडवाचा एक खांब हलला. वकील आरामखुर्चीत कोसळले. उज्वलाने पदराने सगळं तोंड झाकलं. सासूबाईंनी मग मिरच्या विस्तवात टाकल्या. ना तडतड, ना खाट. डॉक्टर वाकून म्हणाले, "अहो, विस्तवच विझलाय. आणि गाडीची बॅटरी उतरली असणार, आपण सगळे तो भोंगा..." पण त्यांचं कोण ऐकतंय?

योगेश एकटाच हसला नाही. तो गोंधळून म्हणाला, "दादा, खरंच?"

हे त्याचं न हसणं गोरक्षला सहन झालं नाही. तो एकदम नानांकडे वळला. "होय! बघवत नाही मला! थोरला जावई आहे मी. गाडी घेतली ती कुणासाठी? एकदा तरी बसलात का नाना माझ्या शेजारी? कधी पोट, कधी कंबर, कधी ऊन!"

नानांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. जरा ओशाळले. मग म्हणाले, "खरं सांगू का? राग नका धरू. तुमच्या गाडीच्या काचा काळ्या हायेत."

"मग?"

"मग मी आत बसलेला दिसणार कुणाला? मी विंचूरला काय विंचूर बघाय चाललोय? विंचुरानं मला बघाय पायजे! तिथल्या कांदा मार्केटात माझा दोस्त सहादू बसलेला असतो. त्यानं तीस वर्षं मला त्याच्या बुलेटच्या मागं बसवून मिरवलंय. लय जळलोय मी."

गोरक्षने सासऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं नातं होतं, पण हा माणूस आपला आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कुसाबाईंनी हात झटकले. "झालं का बोलून? आता ऐका. ज्याची नजर त्यानंच उतरवायची. लेकराला लागली तर त्यानंच पाणी पाजावं, म्हशीला लागली तर त्यानंच धार काढावी. गाडीला लागली तर त्यानंच हाकावी. बसा, जावईबापू."

"मी? मैनेत?"

"दादा, बसा!" योगेशने किल्ली त्याच्या हातात दिली. "आम्ही ढकलतो. मग सामान भरून तुमची गाडी मी आणतो मागून."

नाना शेजारी बसले. डॉक्टर, वकील, त्यांच्या बायका, सगळ्यांनी मागून हात लावले. मळ्याच्या उतारावर मैना घरंगळली, शिंकली, गुरगुरली, आणि चालू झाली. लोक म्हणाले नजर उतरली. डॉक्टर हात झटकत आपल्या लाल गाडीकडे वळले.

निफाडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी लोक हात करत होते. नाना खिडकीतून असे हात करत होते जणू सगळी द्राक्षं त्यांनीच पिकवली. गोरक्षच्या हातात ते मोठं पांढरं चाक होतं, शेजारी सासरा होता, कानावर वारा होता. कोंबड्यांचं खुराडं म्हणून जिला हसलो ती ही. त्याला वाटलं, आता जगात कुणाचा म्हणून हेवा उरला नाही.

मग त्याने आरशात पाहिलं.

मागून एक पांढरीशुभ्र गाडी येत होती. धूळ नाही, आवाज नाही, हादरे नाहीत. पाण्यावरून बगळा यावा तशी. चालवणारा योगेश रेलून बसलेला. मागे स्टेपन्यांना जागा करून दोघी बहिणी टाळ्या देऊन हसत होत्या. कुणाच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. इकडे गोरक्षच्या तोंडात धूळ जात होती आणि सीटची स्प्रिंग नको तिथे टोचत होती. आपली गाडी चालताना बाहेरून कशी दिसते, हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. मालक असून कसं पाहणार? आणि हा मेला कसा आरामात...

"वा!" त्याच्या तोंडून गेलं. "काय गाडी आहे!"

फट्ट!

आरशातला बगळा एका पायावर लंगडत रस्त्याच्या कडेला गेला.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"पंक्चर, नाना. थांबू का?"

"स्टेपन्या हायेत ना त्यांच्यात?"

"ढीगभर. पण सगळ्या दुसऱ्यांच्या गाड्यांच्या. माझी तेवढी आरामखुर्चीखाली ठेवली होती, ती मांडवातच राहिली असणार."

नानांनी जरा विचार केला. पुढे विंचूर होतं, मार्केटात सहादू होता, आणि ऊन उतरायच्या आत पोचायला हवं होतं. मागे डॉक्टरांची गाडी थांबलेली दिसत होती, बघतील ते. नानांनी फेट्याचा शेमला पुढे ओढला आणि आरशावर नीट गुंडाळला.

"चला, गोरक्षराव," ते म्हणाले. "आता फक्त पुढं बघा. अन् सहादू दिसला की त्याच्या बुलेटला तेवढं 'वा' म्हणा."